गॅलरीतली चादर

१

डोंगरातलं हे गाव ज्यांनी वसवलं त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. मी उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही. घरात उलट 'हिला कधी काही आवडत नाही' अशीच माझी ख्याती आहे. पण इथे पहिल्याच सकाळी माझी बोलती बंद झाली. इथल्या पायवाटा मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखल्या आहेत. चढ अंगावर येत नाही. वळणावळणावर बाक, आणि प्रत्येक बाकाशेजारी त्याचंच पिल्लू शोभेल असा एक बुटका बाक. ओढ्यावरच्या लाकडी पुलाला दोन कठडे आहेत, एक मोठ्यांच्या हाताशी येणारा आणि एक मुलांच्या. पडलेल्या झाडांच्या बुंध्यांतून अस्वल, घुबड, कासव कोरलंय, आणि त्यांच्या पाठी मुलांनी बसून बसून गुळगुळीत केल्यात. कुठे तिकीट नाही, कुठे 'हात लावू नये' नाही.

आमच्या शहरात मुलांना खेळायला जागा म्हणजे मॉलचा वरचा मजला. नगररचना शिकताना मी ज्या गोष्टींसाठी प्राध्यापकांशी हमरीतुमरीवर आले, त्या इथल्या लोकांनी गाजावाजा न करता करून ठेवल्या होत्या. हे मी मोठ्याने बोलत असणार, कारण दाजी म्हणाले, "पुढारीणबाई, भाषण संपलं असेल तर बूट घाला."

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. ताई शाळेत गणित शिकवते. त्यांची मुलगी खारू; मला ती माऊ म्हणते. गालात घास साठवून ठेवायची म्हणून हे नाव पडलं, आणि आता ती पहिलीत गेली तरी नाव आणि सवय दोन्ही तशीच आहेत.

ताई आणि दाजी वेगळे होणार होते. ठरलं होतं सगळं. कोण कुठे राहणार, खारू कोणाकडे कधी. फक्त खारूला सांगायचं बाकी होतं. "ही सहल होऊ दे, मग सांगू," ताई म्हणाली होती, दाताच्या डॉक्टरकडे जायचं असल्यासारखी. सहल मी ठरवली होती. चांगल्या जागी माणसं चांगली वागतात यावर माझा विश्वास आहे. माझं सगळं शिक्षण त्या एका विश्वासावर उभं आहे. म्हटलं, या दोघांना ओढून अशा ठिकाणी न्यायचं की भांडायला कारणच सापडू नये.

त्यांनी ते चहाच्या कपात शोधून काढलं.

२

आम्ही उतरलो होतो ती जागा काकूंची. काकू म्हणजे घरमालकीण. सगळं गाव त्यांना काकूच म्हणतं. वरच्या मजल्यावर एक मोठी खोली, तिच्या दोन बाजूंना दोन दोन पलंग, लाकडी जमीन, दाराशी बुटांची फळी, आणि पुढे गॅलरी. गॅलरीतून समोरचं पठार सरळ दिसायचं.

खोलीचा एकच नियम होता. दिवसभरासाठी बाहेर पडताना गॅलरीच्या वरच्या तारेवर चादर टाकायची, जमिनीपर्यंत, चिमटे लावून.

"कशासाठी?" मी विचारलं.

"घर उघडं टाकून जायचं नसतं," काकू म्हणाल्या. "वर पठारावर दुर्बीण आहे ना."

"म्हणजे लोक खोलीत डोकावतात?"

"डोकावेनात का," त्या म्हणाल्या आणि खारूच्या हातातला कापडी जिराफ बघत बसल्या. "याचं नाव काय गं?"

"लंबू."

"लंबूला संध्याकाळी आत घ्यायचं हां, दव पडतं."

पहिल्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो. पायडलच्या होड्या हाकल्या, पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. तिथून गाव बघताना मला फार गंमत वाटली. घराघरातल्या गॅलऱ्यांत चादरी. निळ्या, पिवळ्या, फुलाफुलांच्या. बाहेर पडलेलं प्रत्येक बिऱ्हाड त्यावरून ओळखू येत होतं. मी ताईला म्हटलं, बघ, कसं एकत्र शहाणपण आहे. ताई म्हणाली, "धूळ बसत असेल म्हणून टाकतात." दाजी म्हणाले, "तुला कुठल्याही गोष्टीचं कौतुक नाहीच." ताई म्हणाली, "तुला आहे ना, पुष्कळ झालं."

खारू दोघांच्या मधे बसली होती. हल्ली ती 'आई-बाबा' असं एका दमात म्हणतच नव्हती. आईला विचार. बाबाला सांग. आई म्हणते की. दोन दुकानांत निरोप पोचवणाऱ्या पोरासारखं तिचं झालं होतं.

३

दुसऱ्या दिवशी पठार. चालत वर जायचं, दुर्बिणीतून गाव बघायचं आणि रोपवेने खाली यायचं, असा बेत.

निघताना मला कल्पना सुचली. लंबूला गॅलरीच्या कठड्याच्या गजांतून मान बाहेर काढून बसवायचं, म्हणजे वरून दुर्बिणीत खारूला तो दिसेल. खारू टुणटुण उड्या मारायला लागली.

पण चादर टाकली की लंबू झाकला जात होता.

मी चादर काढली, घडी केली आणि पलंगावर ठेवली. विचार केला नाही असं नाही. केला. कारण न सांगता पाळायला लावलेल्या नियमांची मला लहानपणापासून चीड आहे. खोलीत चोरण्यासारखं होतं काय? चार पिशव्या आणि एक जिराफ.

"काकू रागावतील," ताई म्हणाली.

"रागावल्या तर मी बोलेन त्यांच्याशी."

"ते तर तू बोलशीलच," दाजी म्हणाले, आणि ताईला हसू आलं. दोघांच्या नजरा भेटल्या. मग दोघांनीही एकदम बूट शोधायला सुरुवात केली. मी मनात म्हटलं, बघा, अजून काहीतरी शिल्लक आहे.

४

पठारावर पोचायच्या जरा आधी खारू पडली. पिवळी टोपी डोळ्यांवर घेऊन ती अस्वल अस्वल खेळत चालली होती आणि एका मुळात पाय अडकला. गुडघा चांगलाच सोलवटला. मी माझा रुमाल ओला करून रक्त पुसलं आणि तोच बांधला. ती रडली नाही. ती आई आणि बाबांकडे आळीपाळीने बघत होती.

"तुझं लक्ष कुठे होतं?" ताई.

"तू दोन पावलं जवळ होतीस."

"मी पिशवी उचलून चालत होते. कारण ती कोणी उचलणार नव्हतं."

"मागितलीस का?"

"मागावी लागते, तेच तर."

आवाज चढले नाहीत. चढले असते तर बरं झालं असतं. ओढा, पक्षी, झाडांतून उतरलेलं स्वच्छ ऊन, आणि त्या सगळ्यात ही दोन शहाणी माणसं थंड आवाजात हिशेब मांडत होती. "बास करा!" मी ओरडले. "मूल पडलंय. जरा आजूबाजूला बघा तरी, कुठे आलोय आपण!"

"मला दुखत नाहीये," खारू म्हणाली.

५

पठाराच्या टोकाला एक लोखंडी खांब आहे आणि त्यावर दुर्बीण. मुलांसाठी खाली पायरी. नाणंबिणं काही टाकायचं नाही. खाली तळहातावर ठेवल्यासारखं गाव, आणि मला पुन्हा एकदा त्या लोकांचं कौतुक वाटलं. इतकी सुंदर जागा असून त्यांनी इथे दुकान टाकलं नव्हतं.

खारू पायरीवर चढली. "चादर, चादर, चादर... सापडलं! आपलंच उघडं आहे!" मग ती जरा थांबली. "माऊ, लंबू कठड्यात नाहीये."

"पडला असेल आत."

"नाही. माझ्या हातात आहे."

मी तिच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात दुर्बिणीच्या नळीवर होते.

"म्हणजे ती गॅलरीतली मी आहे ना, तिच्या हातात," तिने समजावून सांगितलं. झाडावर पोपट बसलाय, हे सांगावं तसं.

"सरका, बघू," दाजी हसत पुढे झाले. "भिंग मळलं असणार. लोक बोटं लावतात." खिशातून दुकानातलं मऊ फडकं काढून त्यांनी दोन्हीकडची काच पुसली, वाकले, स्क्रू फिरवला. "काकूंनी खोली दुसऱ्या कोणाला दिलेली दिसते. चार माणसं आहेत. बाई, माणूस..."

त्यांनी स्क्रू पुन्हा फिरवला.

"दाजी?"

"ती हसतेय," दाजी म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते.

"काय एवढं बघतोस? हो बाजूला," ताईने त्यांना सरकवलं. मी हुश्श केलं, कारण ताई कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडत नाही. रिक्षाच्या मीटरशीसुद्धा ती वाद घालते. आता ती सांगेल, की अंतर किती, कोन किती आणि आपण कसे गाढव आहोत. ताई बघत राहिली. मग तिचा एक हात मागे गेला आणि स्वतःच्या केसांवरून हळूच फिरला, कोणी तिथे हात लावतंय का ते चाचपल्यासारखा.

शेवटी मी वाकले.

काळ्या कडेचं एक वाटोळं, आणि त्यात आमची गॅलरी. ताई बुटक्या स्टुलावर बसली होती. मागे दाजी कंगवा घेऊन उभे होते आणि तिची वेणी घालायचा प्रयत्न करत होते. चुकत होते, सोडत होते, पुन्हा घालत होते. ताई मान मागे टाकून हसत होती. खारू खाली मांडी घालून लंबूला काहीतरी भरवत होती. चेहरे नखाएवढे, पण आपली माणसं ओळखायला चेहरा कशाला लागतो? मी म्हटलं, उन्हाचा खेळ आहे, हवा तापली की कुठलं चित्र कुठे दिसतं. म्हटलं, पोरीने मनात भरवलं म्हणून दिसतंय. असं म्हणता म्हणताच मला त्यांच्यावरून डोळे काढवेनात. माझ्या ताईचा संसार मी मनात जसा रंगवला होता तसाच होता तो, एक रेघही कमी नाही.

मग खोलीतून चौथी बाहेर आली.

माझा हिरवा कुर्ता. गाडी सुटतेय अशी माझी चाल, आई जिला कायम नावं ठेवते ती. हातात घडी केलेली चादर, दातांत चिमटा. तिने चादर झटकली आणि मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. दचकली नाही. गाडी हलल्यावर फलाटावर राहिलेल्या माणसाकडे आपण खिडकीतून बघतो ना, तसं बघितलं. मग चादर तारेवरून खाली आली आणि वाटोळ्यात फक्त निळं कापड राहिलं.

वारा होता. रोपवेचा दोर कुरकुरत होता.

"मला तिकडे जायचंय," खारू म्हणाली. "त्या आई-बाबांकडे."

रोपवेचा डबा आला. आम्ही बसलो. दार लागलं.

६

खोलीत दुपारचं ऊन पडलं होतं, लाकडी जमिनीवर गॅलरीच्या गजांच्या सावल्या होत्या. किती छान खोली आहे ही, मला वाटलं. कोपऱ्यातल्या माठावर पितळेचं झाकण, भिंतीवर टोप्यांसाठी खुंट्या, त्यातल्या दोन अगदी खाली, मुलांच्या उंचीच्या.

"बस इथे," दाजी ताईला म्हणाले. "वाऱ्याने केसांचं घरटं झालंय."

"तुला येते का वेणी?"

"चष्म्याची काडी बसवतो, वेणी काय चीज आहे!"

"काडीसारखं पिरगाळू नकोस म्हणजे झालं."

ती स्टुलावर बसली. दाजींनी तीन पेड घेतले, चौथा कुठून आला म्हणून गोंधळले, आणि ताई हसायला लागली. मान मागे टाकून. खारू गॅलरीत लंबूला पावाचे तुकडे भरवत होती आणि निम्मे स्वतःच्या गालात कोंबत होती.

मी दारात उभी राहून बघत होते. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आणि मला उलगडलंही सगळं. आपण काय होऊ शकतो हे दोघांना वर दिसलं. कसं दिसलं ते सोडा, ऊन, भिंग, मन, काहीही असेल. त्यांना ते दिसलं, लाज वाटली, आणि आता ते बघितलेलं सुख गिरवत होते. माणसं अशीच सुधारतात. मी हेच तर सांगत आले होते!

जिन्यावर पावलं वाजली. काकू दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"चादर टाकली नव्हती," त्या म्हणाल्या. रागावून नाही.

"चूक झाली, काकू. मुलीला वरून जिराफ दाखवायचा होता."

त्यांनी दाराशेजारच्या फळीवरच्या बुटांकडे बघितलं. मग ताई-दाजींकडे. मग फार वेळ खारूकडे, प्रेमाने.

"राहाल ना आता?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी निघतोय."

लहान मुलाच्या हो ला हो म्हणावं तशी त्यांनी मान हलवली. "बरं. चादर टाकून घ्या तेवढी. अजून उजेड आहे वर."

७

काकू गेल्यावर मीही बुटांकडे बघितलं. चारी जोड ओळीने लावलेले. कोरडे. सकाळी ओढ्याकाठच्या चिखलात आम्ही सगळेच घसरलो होतो. ताईचे तर घोट्यापर्यंत माखले होते.

कोणीतरी पुसले असतील.

"खारू," मी म्हटलं, "गुडघा बघू."

तिने पाय पुढे केला. गुडघा गोल, स्वच्छ, एक ओरखडाही नव्हता. "काय झालंय गुडघ्याला?" तिने विचारलं.

"पडली होतीस ना."

"मी?" तिला हसू आलं. "कधी?"

माझा हात कुर्त्याच्या खिशात गेला. रुमाल होता. घरून निघताना आईने इस्त्री करून दिला होता तसाच, चौकोनी, घडीसुद्धा न मोडलेला.

मी पलंगावर बसले आणि शांतपणे आठवायचं ठरवलं. शिकलेली बाई आहे, एक एक पाऊल मागे जायचं. रोपवेत बसलो. दार लागलं. मग? डबा खाली आला असेल. आम्ही उतरलो असू, बाजारातून चालत आलो असू, जिना चढलो असू, कुलूप मी काढलं असेल. असेल, असेल. यातलं एकही मला आठवेना. मग त्याच्या आधीचं आठवून बघितलं. पायवाट, पूल, कोरलेलं अस्वल, खारूचं पडणं, त्या दोघांचे ते थंड आवाज. ते आठवलं, अगदी स्पष्ट आठवलं. पण सगळं लांबून. पाठमोऱ्या चार आकृत्या वर चढताहेत, त्यांतली हिरव्या कुर्त्यातली हातवारे करते आहे. आणि प्रत्येक आठवणीच्या भोवती एक काळी, वाटोळी कड.

मी चादर उचलली आणि गॅलरीत गेले.

समोर पठारावर ऊन होतं. टोकाला लोखंडी खांबापाशी काहीतरी लखकन चमकलं, काच वळावी तसं. त्याच्या शेजारी एक पिवळा ठिपका होता. खारूच्या टोपीएवढा.

मी मागे वळून बघितलं. खारूची टोपी खालच्या खुंटीवर होती.

हाक मारली तरी पोचली नसती. हात हलवता आला असता. धावत काकूंकडे जाता आलं असतं, किंवा गावभर ओरडत, की वर माणसं आहेत, चार माणसं, त्यांना खाली घ्या. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मी हेच केलं असतं. कुठल्याही माणसाला बाहेर ठेवायचं नाही यासाठी मी मोर्चे काढलेत. मी चिमटा दातांत धरला, दोन्ही हातांनी चादर झटकली आणि मान वर केली. तिथली ती आत्ता वाकून बघत असणार. उन्हाचा खेळ म्हणत असणार. तिचा मला राग नव्हता. वाईट वाटलं, एवढंच. तिच्या बाजूला ताई उभी असेल, पिशवी स्वतःच उचलून, आणि दाजी दुसरीकडे तोंड करून, आणि मधे रुमाल बांधलेल्या गुडघ्याचं ते मूल.

"माऊ," आतून खारूने हाक मारली, "चल ना जेवायला. आई-बाबा थांबलेत."

आई-बाबा. एका दमात.

मी चादर तारेवरून खाली सोडली, चिमटे लावले, आणि कडा ओढून घेतल्या. कुठे फट राहू दिली नाही.